गॉथांचा बिशप आणि आमच्या घरचा दुभाषी

सासूबाई पुण्याहून न्यूझीलंडला, आमच्या रोटोटुनाच्या घरी आल्या तो २०१७चा जानेवारी, इथला ऐन उन्हाळा. त्याच महिन्यात आमच्या कन्येने जाहीर केलं, की फार्मसी नाही, वेलिंग्टनला जाऊन इतिहास शिकणार. त्यातही गॉथांचा, त्या प्राचीन जर्मन टोळ्यांचा! मी फार्मसिस्ट, नवरा फार्मसिस्ट आणि लेक रोम लुटणाऱ्यांच्या मागे. नवऱ्याने हात झटकले, "आजीला पटव, मग बघू."

पंचाईत अशी, की लेकीला मराठी सगळं कळतं, पण उत्तर इंग्रजीत. आणि तिचं किवी इंग्रजी सासूबाईंच्या डोक्यावरून जातं. मधे दुभाषी मी.

घरामागच्या लाकडी डेकवर मेथी निवडता निवडता लेकीचा वर्ग भरला; ती सांगायची, मी मराठीत आणायची. गॉथ होते ख्रिस्ती, पण रोमच्या लेखी पाखंडी, कारण ते पुत्राला, म्हणजे येशूला, देवपित्याहून खालचा मानत.

"मग चुकलं काय त्यांचं?" सासूबाई म्हणाल्या.

पुढे त्यांनी रोम लुटलं, पण चर्चमध्ये आसऱ्याला गेलेल्यांना सोडून दिलं.

"म्हणजे वळण होतं हो!"

सासूबाईंना गॉथ आवडायला लागलेले पाहून मला धास्तीच वाटली. खरं सांगायचं तर मला लेक घरातच हवी होती.

मग गोष्टीत त्यांचा बिशप आला. त्याने गॉथांसाठी लिपी तयार केली, बायबल त्यांच्या भाषेत आणलं, पण त्यातली राजांची पुस्तकं म्हणे गाळली. त्यांत लढाया फार आणि ही मंडळी आधीच हातघाईवर आलेली. मला हा माणूस एकदम आपला वाटला.

सासूबाईंनी जुडी खाली ठेवली. "छान आहे सगळं. पण पोट भरणार का यावर? फार्मसीच कर म्हणावं तिला."

"टेल हर आय ॲम गोइंग. इव्हन इफ शी हेट्स इट."

"आई, ती म्हणते, तुमचा आशीर्वाद असेल तरच जाईन."

लेक ताडकन उठली. "मम्मा! यू लेफ्ट आउट द फाइट!" आणि आजीकडे वळून, एकेक शब्द शोधत म्हणाली, "आजी, मी जाणार. तुला नाही आवडलं, तरी जाणार."

एवढं सलग मराठी तिच्या तोंडून मी कधी ऐकलंच नव्हतं.

"जा," सासूबाई म्हणाल्या. "पण फोन करून माझ्याशी असंच भांडायचं. आईला मधे घ्यायचं नाही."

दोघी आत बॅग बघायला गेल्या. मी उरलेली मेथी निवडत बसले. रडूही येत होतं आणि लेकीचं ते मराठी वाक्य पुन्हा एकदा ऐकावंसंही वाटत होतं.