वालातली भाजी

आमच्या आत्याला उभं राहून रागावता येत नसे. राग आला की ती बेटेगावच्या आपल्या शेतात उकिडवी बसे आणि तण उपटू लागे. समोर तलाठी असो की जावई, त्यानं बांधावरून तिच्या पाठीशी बोलायचं. गावात म्हणत, आत्याच्या शेतात तण टिकत नाही, कारण राग आल्यावाचून तिचा दिवस जात नाही.

भात निघालं की उरलेल्या ओलीवर ती वाल पेरी. बेणणीला, म्हणजे तण काढायला, पाड्यावरच्या बाया येत. मजुरी होतीच, पण वालात आपोआप उगवलेला माठ आणि घोळ जी उपटेल तिचा, अशी तिथली रीत. संध्याकाळचं कोरड्यास त्यावर निभे. एखादीच्या हातून वालाचा वेलही उपटला जाई. मग आत्या म्हणे,

"चंद्रे, तो वाल हाय. नवऱ्याला तरी वळखतेस ना?"

"त्याला पन उपटाया बघते बाय, पन निघत नाय," चंद्री म्हणे.

तारापूरकडे अणुवीज प्रकल्पाचं बांधकाम चाललं होतं, त्या दिवसांतली ही गोष्ट. आमच्याकडे तणनाशकाच्या फवारणीचं प्रात्यक्षिक ठरलं. औषध भातातल्या रुंद पानांच्या तणासाठी होतं. पण उद्घाटनाला मुंबईहून यायच्या बड्या पाहुण्यांना सवड होईना. ती झाली तेव्हा भात कणगीत गेलं होतं आणि शेतात वाल उभा होता. वालाची पानंही रुंदच. पण मांडव, हार, पेढे सगळं सांगून झालं होतं, आणि पीक बदललं म्हणून कोणी समारंभ बदलत नाही. आत्याचं शेत रस्त्याला लागून. तिचा दीर सरपंच. त्यानं परस्पर होकार देऊन टाकला.

आत्या नको म्हणाली. "माझ्या बाया भाजी कुठली नेतील?"

"माणसाला काही होत नाही, बाई. निर्धास्त राहा," शेतीखात्याचे साहेब म्हणाले. पाहुण्यांनी पंपाला हार घातला, नळी हातात धरून फोटो काढून घेतला आणि मुंबईची गाडी गाठली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाया आल्या. माठ अजून हिरवागार होता. आत्या बांधावर त्यांना आडवी आली. "आज भाजीला हात लावायचा नाय. इख मारलंय."

"सायेब तर म्हनला, मानसाला काय होत नाय," चंद्री म्हणाली. "तुला द्यायची नाय, तसं सांग ना."

आत्याला आजवर कोणी चिक्कू म्हटलं नव्हतं. ती हलली नाही. बाया रिकाम्या पदरानं परतल्या, त्या पुन्हा फिरकल्या नाहीत. आठवड्यात वालाचे शेंडे पिळवटले, वेल लोळले. साहेबांनी दोष जमिनीला दिला. आत्या गेली त्याला वर्षं लोटली. तिचा एकही फोटो कोणाकडे नाही. हार घातलेल्या पंपाचा मात्र कचेरीत कितीतरी वर्षं होता.

वाल लोळल्यावर महिनाभरानं साहेब पाहणीला आले. त्या दिवशी आत्यानं निरोप धाडून बायांना ओटीवर आणून बसवलं. साहेबांना ताट वाढलं: भाकरी, आमटी आणि माठाची भाजी.

"छान. बाजारची?"

"तुमीच फवारलेल्या शेतातली."

साहेबांचा हात थबकला.

"खा ना, सायेब. मानसाला काय होत नाय."

साहेबांना एकाएकी आठवलं, आज आपला उपास आहे. ते हात धुऊन, जीपमध्ये बसून गेले. ओटीवरून चंद्री सगळं बघत होती. तिनं मान खाली घातली.

आत्यानं ते ताट उचलून ओटीवर आणलं आणि चंद्रीच्या शेजारी बसली.

"घे. भाजी इहिरीकडची हाय," ती म्हणाली, आणि पहिला घास स्वतः घेतला.