धोंड्याच्या महिन्यातली प्लास्टिकबंदी

आमच्या घरात प्लास्टिकबंदी एकूण नऊ दिवस टिकली आणि तेवढ्यात आम्ही एक जावई जवळजवळ गमावला.

दोष सर्वस्वी माझा. साखर कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून मला सुधारायला घराशिवाय दुसरं काही उरलेलं नाही. त्यात शेवगावात एक व्याख्यान ऐकलं. प्लास्टिकचे बारीक कण म्हणे आपल्या पोटात जातात! तडक घरी आलो आणि जाहीर केलं, "सुमन, आपण रोज प्लास्टिक खातोय!"

"मंग आज भाकरी टाकू का नको?" बायकोनं विचारलं.

सुमनचा सगळा कारभार श्रीखंडाच्या आणि आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यांत. कशात काय आहे ते तिच्या हाताला ठाऊक. मी ते डबे हद्दपार केले आणि आमच्या लग्नात आलेले स्टीलचे डबे माळ्यावरून उतरवले. एकोणतीस डबे, सगळे एका मापाचे! फरक एवढाच, की प्रत्येकावर देणाऱ्याचं नाव कोरलेलं. (आमच्याकडे डबा फुकट देतात, नाव मात्र फुकट जाऊ देत नाहीत.) मग मी मोबाईलमध्ये यादी केली. राजूरची मावशी म्हणजे साखर, थोरली आत्या म्हणजे हळद, अशी.

"अहो, मीठ कुणात हाय?" सुमन विचारायची.

"तुझ्या धाकट्या काकात!" मी यादी बघून सांगायचो.

शांपूच्या पुड्या गेल्या, त्यांच्या जागी दळलेली शिकेकाई आली. तीही एका डब्यात भरली. डासांचं मशीन गेलं, कडुलिंबाच्या पाल्याची धुरी आली. डास टिकले, माझं नाक मात्र चोंदलं ते चोंदलंच.

नवव्या दिवशी जावई आले. धोंड्याचा महिना तीन वर्षांनी आलेला आणि आमच्या लेकीच्या, वर्षाच्या, लग्नानंतरचा हा पहिलाच. या महिन्यात जावयाला पुरणाचे धोंडे करून वाढायचे, त्याला देव मानायचं. त्यात हे देव अबोल! सुमनला आठवडाभर एकच घोर. "कायतरी कमी पडलं आन् पाव्हणं रुसलं, तर आपल्या वर्षाला जल्मभर ऐकावं लागंल."

आणि मी? मी दारातच रिकामा डबा पुढे केला. "आज घरात मोबाईलचा उपास. टाका ह्यात!"

जावयांनी वर्षाकडे पाहिलं. वर्षानं कपाळाला हात लावला. आवाज बंद करून चारही मोबाईल डब्यात गेले आणि डबा फळीवर इतर डब्यांत जाऊन बसला. यादी कुठं होती ते तुमच्या लक्षात आलंच असेल. माझ्या आलं नाही.

"अहो, आमटीला काळा मसाला पायजे. कुणात हाय?"

"भिंगारच्या मामात!" मी ठणकावलं.

"आदी वास घिऊन बघा."

"वास कशाला? मला पाठ आहे!" आणि दोन चमचे शिगोशीग मीच आमटीत सोडले.

आमटीला फेस आला.

"आवं, ह्ये काय?"

"ताजा मसाला फुलतोच!" (नैवेद्याआधी चाखायचं नसतं, नाहीतर तिथंच निभावलं असतं.)

जावई जेवायला बसले. पहिला भुरका मारला आणि थबकले. पण सासुरवाडी, त्यात पहिला धोंडा. ताटात टाकायचं कसं? बिचाऱ्यांनी डोळे मिटून वाटी रिकामी केली.

"आवडली जनू!" सुमनला भरून आलं. तिनं लगेच दुसरी वाढली. तीही गेली. तिसऱ्या वाटीला जावयांना उचकी लागली आणि ओठांवर चांगला लिंबाएवढा बुडबुडा आला!

वर्षानं वाटी नाकाला लावली. "आबा! ही शिकेकाई हाय!"

"डॉक्टरला फोन लावा!" सुमन ओरडली.

कशावरून लावणार? फळीवर एकोणतीस डबे! मावशी उघडली, साखर. आत्या उघडली, हळद अंगावर. काका पालथे पडले. तिकडे पाव्हण्यांची उचकी, इकडे सुमनचा आवाज. "माझ्या लेकीचा संसार बुडीवला तुमी!" मला खरोखर धडकी भरली. सव्विसाव्या डब्यात मोबाईल सापडले.

डॉक्टर आधी हसले, मग म्हणाले, "भरपूर पाणी पाजा. त्रास वाटला तर घेऊन या."

मी हळदीनं पिवळा होऊन जावयांपुढे हात जोडले. "पाव्हणं, चुकलं."

तांब्याभर पाणी पिऊन अबोल जावई बोलले, "ऱ्हाऊ द्या, मामा. धोंडे एक नंबर हुते. आन् आंघोळ काय, आतून बी झाली पायजेच की!"

सुमन इतकी हसली, की डोळ्यांतलं पाणी पदरानं पुसावं लागलं. पाव्हणे दोन दिवस राहिले, आणखी धोंडे मागून खाल्ले.

श्रीखंडाचे डबे पुन्हा फळीवर आलेत. (सुमननं ते पलंगाखाली लपवले होते.) फक्त आरोग्याला घातक अशी एक वस्तू आमच्या स्वयंपाकघरातून कायमची हद्दपार झाली आहे. तिला चहासुद्धा आता उंबऱ्याबाहेरच मिळतो.