जड झालेलं स्टिअरिंग

एखाद्या वस्तूचं खरं वजन तळहातांना एकाएकी कळावं, तसं त्या सकाळी झालं. आषाढातली बारीक झिरमिर, कालव्याकाठच्या ओल्या मातीचा वास, उसाच्या पात्यांची सळसळ आणि माझ्या हातात ते कातडं मढवलेलं गोल स्टिअरिंग. परवापरवापर्यंत ते एका बोटानं फिरायचं. आमच्या वरकुट्याहून बारामतीला निघालो होतो. सरळ रस्त्यावर काही जाणवलं नाही. कालव्याच्या पुलाजवळचं वळण आलं, मी सवयीनं बोट फिरवलं, आणि गाडी वळलीच नाही! दोन्ही हातांनी, छातीचा जोर लावून ओढलं, तेव्हा कुठे तिचं नाक वळलं. पुढचं चाक कठड्याला घासून गेलं. खाली पाणी तुडुंब वाहत होतं. पूल ओलांडून गाडी उभी केली आणि उतरून चाक पाहिलं. जुन्या ट्रॅक्टरांचे सौदे करणारा मी. माझं पोट तोंडावर चालतं. पण न वळणाऱ्या गाडीपुढे तोंड काय कामाचं?

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. पॉवर स्टिअरिंग हा शब्दसुद्धा आमच्या इंदापूर तालुक्यात तेव्हा नवा होता. पुण्याच्या एका कारखानदाराकडून मी घेतलेली ती परदेशी बनावटीची जीप, लाकडी पट्टीचा डॅशबोर्ड, मऊ कातडी गाद्या, डोंगर चढेल अशी चारही चाकांची ताकद. वापरून जुनी झालेली, पण रुबाब राजाचा. तिच्या स्टिअरिंगनं मला वेड लावलं. इंजिन एक छोटा पंप फिरवतं, पंप तेलाला दाबतो आणि ते दाबलेलं तेल तुमच्या मनगटामागे उभं राहून जोर लावतं. केवढी मोठी गोष्ट! डोक्यावरच्या ओझ्याला वाटेत कुणी हात लावला, तर माणूस त्याला जन्मभर विसरत नाही. मला असा हात कुणी लावला नव्हता. लावला तो या यंत्रानंच.

आणि घरात? आमच्या आबांनी, म्हणजे वडिलांनी, त्या गाडीला कधी चांगलं म्हटलं नाही. बैलांची शेवटची जोडी मी विकली, त्या दिवसापासून माझी कुठलीच वस्तू त्यांना पसंत पडली नाही. गाडी दारात आली तेव्हा सारा गाव जमला. आबा कट्ट्यावरून उठले नाहीत. "बसाया हत्ती आणला, नांगराला काय?" एवढंच म्हणाले. भिगवणला जायचं झालं तरी एसटीची वाट बघत फाट्यावर उभे राहायचे, पण माझ्या गाडीत बसायचे नाहीत. आधी यावरून आमची भांडणं व्हायची, नंतर तीही बंद पडली. लोकांना वाटलं, बापलेकांचं पटलं.

रखडत, घाम गाळत मी बारामतीचं गॅरेज गाठलं. शौकत मिस्त्री माझा जुना ओळखीचा. हात चांगला, पण जीभ हातापेक्षा लांब. त्यानं बॉनेटला हातही न लावता निकाल दिला.

"शेठ, पंप बसला. नवाच टाकाया लागंल. मुंबईवरनं येईल."

"न बघता सांगतोस, मिस्त्री? ज्योतिषी हायस का?"

"तुमी इकताना ट्रॅक्टर उघडून दावता व्हय गिऱ्हाइकाला?"

टोमणा बरोबर बसला आणि माझं डोकं फिरलं. बाह्या सारून मी स्वतःच पुढे झालो. टायरांत हवा पुरेशी होती. स्टिअरिंगच्या टाकीत तेल काठोकाठ, गळती कुठे नाही. पुढची चाकं जॅकवर उचलली, इंजिन बंद ठेवून डावी-उजवीकडे फिरवून पाहिली. ती सहज फिरली, म्हणजे सांधेही अडकलेले नव्हते. मग जोर जातो कुठे? चाकं खाली टेकवली, इंजिन चालू केलं, मिस्त्रीला स्टिअरिंगवर बसवलं आणि मी आत डोकावलो. त्यानं स्टिअरिंग पिळलं की पंपाची पुली जागच्या जागी थबकायची, आणि तिला फिरवणारा रबरी पट्टा तिच्यावरून नुसता सरकत राहायचा. पंप बसला नव्हता; त्याला फिरवायलाच कुणी नव्हतं!

इंजिन बंद करून मी पट्ट्यावर बोट फिरवलं. बुळबुळीत. बोट बाहेर काढलं, तर पिवळं. वास घेतला. करडईचं तेल आणि हळद!

मिस्त्रीनं वाकून पाहिलं आणि गॅरेजभर हसू पिकवलं. "अवो शेठ, गाडीला हळद लागलीय की! लगीन कुठं ठरिवलं?"

मला हसू आलं नाही. तेल आणि हळद कुठे, कधी, कशाला लावतात, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. बेंदराच्या, म्हणजे बैलांच्या सणाच्या, आदल्या संध्याकाळी बैलांची खांदमळणी करतात. वर्षभर जू वाहून घट्टे पडलेले खांदे तेल-हळदीनं चोळतात. परवाच बेंदूर झाला होता. मी सौद्यासाठी परगावी होतो, गाडी रिकाम्या गोठ्यात उभी होती, आणि घरी आबा होते.

त्या पट्ट्याचा हल्ली किंचाळल्यासारखा आवाज यायचा. रबर झिजलं की तो निसटतो, ओरडतो. मी दुर्लक्ष करत होतो. आबांनी मात्र तो आवाज ऐकला होता. बैलगाडीचा आख ओरडला की वंगण घालायचं, हे त्यांचं शास्त्र. पण रबराचा पट्टा कोरडेपणानंच पुलीला धरून असतो. तेलानं त्याचा आवाज मिटला आणि पकडही सुटली. आवाज थांबला म्हणजे दुखणं थांबलं, असं आपण किती सहज धरून चालतो! पण मला हादरवलं ते वेगळ्याच गोष्टीनं. ज्या माणसानं गाडीकडे मान वळवून पाहिलं नाही असं मी समजत होतो, त्यानं तिचं बॉनेट कसं उघडतं हे कधी पाहून ठेवलं?

मापाचा नवा पट्टा बसवून परत निघालो, आणि वाटेत राग उसळला. माया खरी, पण मी कालव्यात गेलो असतो त्याचं काय? घरी पोचलो तेव्हा आबा गोठ्यात दोर वळत बसले होते. दोरावरची नजर न काढता त्यांनीच विचारलं, "वरडायची थांबली का रं?"

"थांबली! आन् मलाबी थांबवत हुती, कालव्यात!" मी सगळं ओकून टाकलं. पूल, कठडा, गॅरेजमधलं हसू, सगळं. पट्ट्याला तेल लावत नसतात, हे तीन-तीनदा सांगितलं. आबांचा चेहरा राखेसारखा झाला. दोर हातातून गळून पडला. मग उठले, गाडीजवळ आले, आणि तिला हात लावायचा की नाही अशा भीतीनं हात मागे बांधून म्हणाले,

"मग हिचा खांदा कुठं असतो?"

कुठल्याही प्रश्नाला माझ्याकडे आधी उलट प्रश्न असतो, नाही तर भाव असतो. या वेळी मात्र मी खरंच उत्तर शोधायला लागलो. सगळं इंजिन मी डोळ्यांपुढे आणलं. या एवढ्या यंत्रात, त्या हातांनी तेल लावलं तर चालेल, नव्हे, बरं होईल, अशी एकही जागा नसावी का? मग मी गाडीचं दार उघडलं आणि त्याची बिजागरी दाखवली.

आबा आत गेले, वाटी घेऊन आले. अंगठ्यानं त्यांनी बिजागरीत तेल-हळद जिरवली, अगदी सावकाश, दुखरी जागा असल्यासारखी. दार मिटलं, उघडलं, पुन्हा मिटलं. आवाज न करता ते त्यांच्या हाताबरोबर हललं. "हं. हितं लागत हुतं तिला," ते स्वतःशीच म्हणाले आणि ओला अंगठा तसाच धरून माझ्याकडे पाहत उभे राहिले.

कशाच्या बदल्यात काय द्यावं, हे ठरवण्यात माझं सारं आयुष्य गेलं. त्या दुपारी मला काहीच ठरवता आलं नाही. मी पुढची बिजागरी दाखवली.