खोड की मूळ

आमच्या घरात भांडण झालं की पत्रक निघतं. बाबांची पावसला हापूसची बाग आहे; झाडांतून सुटले की ते कशाच्या ना कशाच्या विरोधात पत्रक लिहायला बसतात. मी अक्षरं शिकले तीच 'जाहीर निषेध'वरून. त्यामुळे "आता मी तपासणीला जाणार नाही," असं बाबांनी जेवताना जाहीर केलं, तेव्हा मी वाद न घालता कागद घेतला.

वर्षापूर्वी त्यांच्या लिव्हरमधली कॅन्सरची गाठ काढली होती. त्यानंतर दर तीन महिन्यांनी रत्नागिरीला जाऊन रक्त आणि स्कॅन. सगळं स्वच्छ येत गेलं आणि गृहस्थ म्हणाले, "काढलं म्हणजे गेलं."

लिव्हर म्हटलं की लोकांना बाटलीच दिसते. बाबांनी आयुष्यात सोलकढीच्या पुढे मजल मारलेली नाही. त्यांच्या रक्तात हिपॅटायटिस बी होता, तो कधी शिरला त्यांनाही ठाऊक नाही. त्या कुजबुजीवर माझं पत्रक आधीच निघालं होतं, मासळीबाजारात वाटूनही झालं होतं. हे दुसरं मात्र एकाच वाचकासाठी होतं.

मी लिहिलं: 'गाठ काढली तरी तिच्या काही मूळपेशी मागे राहू शकतात. त्या दबा धरून बसतात, औषधाला सहज बधत नाहीत आणि पुन्हा गाठ उभी करतात, असं संशोधकांना वाटतं. मार्करवरून त्यांना ओळखण्याचे प्रयत्न चालू आहेत.'

बाबांनी लाल पेन काढलं.

"मूळपेशीला इंग्रजीत काय म्हणतात गो?"

"स्टेम सेल."

"स्टेम म्हणजे खोड. मग खोडाचं मूळ कोणी केलं? कलमं बांधणाऱ्या माणसाला हे वाचायला देतेस?"

"बाबा, मुद्दा तो नाही."

"आणि मार्कर? आपण झाडांना गेरू लावतो, तसा त्या पेशींना कोणी लावला?"

"पेशींच्या अंगावर प्रथिनं असतात. त्यांनाच खूण मानतात."

"खूण दिसते, तर उपटत का नाहीत?"

"कारण तीच खूण चांगल्या पेशींवरही सापडते."

"म्हणजे चिन्ह एक आणि पक्ष दोन," बाबा खूश होऊन म्हणाले. "हे छाप."

आतून आई म्हणाली, "अहो, उद्या सहाची एसटी आहे. खोड की मूळ ते गाडीत ठरवा."

"मी येत नाही म्हटलं ना."

मी विषय बदलला. "बाबा, वरच्या कलमावरचं बांडगूळ गेल्या वर्षीच छाटलं होतं ना? मग परवा शिडी कशाला लावलीत?"

"छाटलं तरी फांदीच्या आत त्याचा अंश राहतो. वरून काही दिसत नाही. म्हणून अधूनमधून जाऊन बघावं ल..."

ते थांबले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग कागदाकडे. मी 'मूळपेशी' खोडून वर 'बांडगुळ' लिहिलं होतं.

बाबांनी पत्रक ओढून घेतलं आणि बराच वेळ वाचत बसले.

"गू दीर्घ," शेवटी ते म्हणाले आणि चूक सुधारली. मग आईला हाक मारली, "अगो, ती रिपोर्टांची पिशवी कुठे ठेवलीस?"