रोहूची झालर

तिरफळांचा डबा उघडला की नोएडातला आमचा पहिला हिवाळा आठवतो. समोर अर्धवट इमारती, वाळूचे ढीग, आणि मालवणची मी, ताटातल्या बांगड्यावाचून हिरमुसलेली, रोज परत जायची भाषा करणारी. एका रविवारी जन्मात माशाला न शिवलेले आमचे हे पिशवी लांब धरून आले. “तोंड वर वळलेला तो कटला, पाण्याच्या वरच्या थरात चरतो. हा रोहू, ओठांना झालर बघ. मिशावाले तळाच्या चिखलातले, ते नाही आणले,” नाक दाबून त्यांनी मासेवाल्याकडून शिकलेलं सगळं सांगितलं. गावाहून आणलेली तिरफळं घालूनही कालवणाला नदीचाच वास होता. “अगदी घरच्यासारखं झालंय,” म्हणत मी रस्सासुद्धा संपवला. आता सुरमई फोन केला की दारात येते, तरी रविवारी मी रोहूच मागवते, आणि झालर बघायला यांना हाक मारते.