अचानक तपासणी आणि बिनशेंगदाण्यांचे पोहे

काही तपास विसरता येत नाहीत. हा तर मला विसरायचाही नाही. ऑकलंडमध्ये मी सहा वर्षं पोलिसात होतो. मग राजीनामा दिला. आता परदेशी विद्यार्थ्यांच्या हक्कांची पत्रकं वाटतो. वय बत्तीस, तरी मित्र 'निवृत्त साहेब' म्हणून चिडवतात. चिडवू देत.

२०१६ सालची गोष्ट. माउंट रॉस्किलच्या बाजूला आमचं ठाणं. मी काउंटरवर फोनवर मराठीत बोलत होतो, ते ऐकून एक नाशिकची मुलगी थेट समोर येऊन उभी राहिली.

"दादा, मी रोज कॉलेजला जाते आणि रजिस्टरमध्ये तीन आठवडे गैरहजर आहे."

कॉलेज खासगी, नफ्यावर चालणारं. शिक्षकच येत नाहीत अशी लेखी तक्रार तिने केली आणि त्या दिवसापासून तिच्या नावापुढे 'गैरहजर' पडू लागलं. हजेरी घसरली की कॉलेज इमिग्रेशनला कळवतं. मग व्हिसा जातो. म्हणजे खोटं त्यांनी लिहायचं आणि बॅग हिने भरायची!

"नियामक कार्यालयाकडे का नाही गेलीस?"

"गेले ना. ते म्हणाले, अचानक तपासणी करू. उद्या आहे."

"अचानक आहे, तर तुला कसं माहीत?"

"अख्ख्या वर्गाला माहीत आहे, दादा. संचालक सर आज वर्गात सांगून गेले, उद्या जो येणार नाही त्याचं बघून घेतो."

आमची सार्जंट रोखठोक बाई. म्हणाली, "ही ऐकीव माहिती झाली. मी नियामक कार्यालयाच्या तपासनीसाला कळवते. साध्या कपड्यांत त्याच्यासोबत जा. डोळे उघडे, तोंड बंद."

तोंड बंद ठेवणं जमलं नाही.

मंगळवारी दहाला आम्ही दोघं पोचलो. तपासनीस पन्नाशीचा, मऊ बोलणारा गोरा गृहस्थ. वर्ग गच्च भरलेला, शिक्षक फळ्यापाशी, रजिस्टर चकाचक. नावं ठेवायला जागा नाही. मी नुसता चरफडत होतो.

तेवढ्यात संचालक हात चोळत आले. मूळचे पुण्याचे. "किया ओरा, किया ओरा!" असा माओरी नमस्कार ठोकून म्हणाले, "थोडं खाऊन घ्या." ऑफिस सांभाळणाऱ्या काकूंनी दोन बशा आणल्या. वाफाळते पोहे, वर ओलं खोबरं, लिंबाची फोड. माझ्या पोह्यांत शेंगदाणे होते. तपासनीसाच्या बशीत एकही नाही. आणि त्याने काही न विचारता चमचा घातला.

बशी धुवायच्या निमित्ताने मी आत गेलो.

"काकू, पोहे झकास. पण साहेबांना शेंगदाणे का नाहीत?"

"अरे बाबा, ॲलर्जी आहे त्यांना! मागच्या वेळी ओठ हा एवढा सुजला होता. म्हणून सरांनी कालच बजावलं, उद्या दोघं येतायत, गोऱ्या साहेबांचे वेगळ्या कढईत करा."

"कालच?"

"मग? पाहुणा आमच्याकडून उपाशी जाईल होय? घे, अजून थोडे घे."

मी घेतले.

पोलीस चुकवायला माणूस रजिस्टर सजवेल, शिक्षक उभा करेल. पण मराठी माणसाला पाहुणचार लपवता येत नाही. संचालकांना मी विचारलं, "मी येणार हे मलाच काल दुपारी कळलं. तुमच्या स्वयंपाकघरात 'दोघं' कसं पोचलं?" आधी 'कोण म्हणतं?' झालं, मग 'काकूंचा घोटाळा झाला असेल'. शेवटी कबुली: तपासनीसानेच फोन करून सांगितलं होतं.

गाडीत तपासनीस म्हणाला, "मी एक पैसा घेतलेला नाही." ते खरंच होतं. "फोन करणं हे सौजन्य. भली माणसं आहेत, तयारीला वेळ मिळावा एवढंच."

माझं डोकं सणकलं. "त्या मुलीला गैरहजर लावताना तिला कुणी आदल्या दिवशी फोन केला होता?"

संचालकांना तो चारदा भेटला होता. मुलीची तक्रार त्याच्या फाइलमध्ये होती. तिचं तोंड त्याने पाहिलं नव्हतं. ठाण्यात त्याने स्वतःहून जबाब लिहून दिला, याचं श्रेय त्याला देतो.

माझा अहवाल वाचून सार्जंटने विचारलं, "तूही खाल्लेस?"

"हो."

"किती?"

"दोन बशा."

"तेही लिही."

लिहिलं! नियम सगळ्यांना.

दोन दिवसांनी न कळवता, दुसऱ्या तपासनीसाला घेऊन गेलो. शिक्षकांचा पत्ता नाही. मुलगी पहिल्या बाकावर बसलेली, आणि रजिस्टरमध्ये त्या दिवशी ती सकाळपासूनच गैरहजर! याहून मोठा पुरावा कुठला हवा? तिचे सगळे शेरे रद्द झाले, व्हिसा वाचला, दुसऱ्या संस्थेत जागा मिळाली. कॉलेजची नोंदणी गेली.

मी काय शिकलो? नफ्याचं कॉलेज नफा बघणारच. ज्याला आपण पहारा द्यायला बसवलंय, त्याचे हात स्वच्छ आहेत एवढ्यावर खूश होऊ नका. त्याचं सौजन्य कुणाच्या वाट्याला जातं, ते विचारा. हेच मी हल्ली पत्रकांत लिहितो.

पुढच्या वर्षी नव्या संस्थेतून त्या मुलीचा फोन आला. हसू आवरत नव्हतं.

"दादा, आज तपासणी आली! कुण्णाला माहीत नव्हतं. निम्मा वर्ग जँडल्समध्ये, म्हणजे रबरी चपलांत, मॅडमच्या हातात अर्धं सँडविच."

"मग?"

"मग काय, मॅडमनी सँडविच खाली ठेवलं आणि शिकवत राहिल्या. आणि मी हजर होते, दादा. रजिस्टरमध्येसुद्धा."