बकुळीच्या खोडातलं कडं

मंडळी, आज सकाळी मुलुंडच्या आमच्या सोसायटीत मोबाइलवर फोटो काढला. मागे सिमेंटची कोरी भिंत, पुढे एकटी बकुळ. फ्रेममध्ये बाकी काही नाही, असं मला वाटलं. खूश होऊन शेजारच्या सुमनवहिनींना दाखवला.

"अहो भावोजी, हिचा गळा आवळलाय की कोणीतरी!"

फोटो मोठा करून बघितला. जाळीचं लोखंडी कडं खोडात रुतलेलं, वर साल चढलेली. रोप जपायला ती जाळी मीच बसवली होती. काढायची राहूनच गेली.

लगेच ग्रिलवाल्याला बोलावलं. खोड चाचपून तो म्हणाला, "काका, बाहेरचं कापतो. आतलं ओढलं तर झाड जाईल."

आतलं तसंच राहिलं. रोज तिच्याजवळून जातो हो मी! तुमच्या दारातल्या झाडाची जाळी शेवटची कधी बघितलीत?